ओळ संपली की एंटर
कपाट आवरताना पिवळट पडलेला जुना कीबोर्ड हाती आला आणि कसबा पेठेतली आमची माडीवरची खोली आठवली. खालून तांबटांची ठोकाठोक, वर तापलेल्या कॉम्प्युटरचा वास. शेजारच्या इंजिनिअरने स्वतः लिहिलेला मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम विक्रीला काढण्याआधी मला वापरून बघायला दिला होता. पान भरत आलं की प्रोग्रॅम बंद पडे आणि सगळा मजकूर जाई. इंजिनिअर स्वतः येऊन बसला, त्याने पानभर टाइप केलं, काही बिघडलं नाही. "वहिनी, तुमचंच काहीतरी चुकतंय." मी त्याला उठवलं आणि त्याच्यादेखत टाइप करायला बसले. पान भरत आलं आणि पडदा काळा झाला. "अहो, प्रत्येक ओळीला एंटर कोण मारतं? ओळ आपोआप खाली जाते," तो म्हणाला. "टाइपरायटरवर ओळ संपली की दांडा ओढायला शिकलेली प्रत्येक बाई. उद्या कचेरीत तिचं काम पुसलं गेलं, तर बोलणी तिलाच बसतील. हे दुरुस्त केल्याशिवाय विकायचं नाही." तो पुटपुटत गेला, पण पुढच्या आठवड्यात दुरुस्त करूनच आला. आजही ओळ संपली की माझं बोट एंटरवर जातं. खुशाल जाऊ दे, काही बंद पडत नाही.