बदलापुरात बुडालेल्या संस्कृती

पृथ्वीच्या पाठीवर आजवर जितक्या संस्कृती बुडाल्या असतील, त्याहून जास्त एकट्या आमच्या साडूंनी बदलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत बुडवल्या आहेत. इतिहासातल्या संस्कृतींना बुडायला शतकं लागली. साडूंच्या संस्कृती सकाळच्या चहाला उगवत आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत होत्याच्या नव्हत्या होत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जांभूळ गावच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर उभी हयात व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाची माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर गुडघे धरून बसतात. साडूंनी कॉम्प्युटर शिकून घेतला आणि त्यात माणसं सोडली.

माणसं म्हणजे ठिपके. पोट भरलेला ठिपका हिरवा, उपाशी ठिपका लाल. प्रत्येकाला थोडी भूक, थोडी हाव, शेजारी ओळखण्यापुरती नजर आणि झालेलं काही न विसरणारी स्मरणशक्ती, एवढी शिदोरी देऊन साडू तीन-चारशे जणांना पडद्यावरच्या एका नदीकाठी सोडत आणि हाताची घडी घालून बसत. मग ते ठिपके आपले आपण शेती करत, गावं वसवत, पुढारी निवडत, कोठारं भरत, आणि तीनशेव्या वर्षाच्या आसपास एकमेकांच्या उरावर बसून सगळेच्या सगळे लाल होत. ‘मी मधे पडत नाय मास्तर,’ साडू मला सांगायचे. मी अंबरनाथला शाळेत शिकवतो, म्हणून मी मास्तर. ‘मी फक्त नियम देतो. पुढचा त्यांचा त्यांनी बघावा.’ हे सांगताना त्यांचा चेहरा इतका शांत असे की आपण पाया पडावं की काय, असं वाटून जाई.

या उद्योगासाठी लागणारा कॉम्प्युटर त्यांनी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून सुट्या भागांतून जुळवून घेतला. सोबतीला मी होतो. दुकानदारानं अगत्यानं विचारलं, ‘साईं, गेम डाल के दूँ?’ साडू म्हणाले, ‘गेम नको. समाज पाहिजे.’ दुकानदार म्हणाला, ‘वो तो पार्टी के आदमी डालते हैं, हम सिर्फ विंडोज डालते हैं.’ साडूंना हे उत्तर फार आवडलं. पुढं कित्येक वर्षं ते त्या दुकानात नुसते गप्पा मारायला जात आणि आपल्या पडलेल्या राज्यांची कारणं त्याला समजावून सांगत. तोही बिचारा गिऱ्हाईक सोडून ऐकत असे.

साडूंची सगळ्यात मोठी खोड म्हणजे संस्कृती बुडाली की ते अंघोळ करत. नुसती नव्हे, डोक्यावरून. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही दोघं नवराबायको त्यांच्याकडे पाहुणे होतो. साडू खोलीतून खाली मान घालून आले, ‘संपले सगले,’ म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. माझी बायको घाबरून रडायच्या बेतात आली. तेव्हा ताई, म्हणजे तिची बहीण, भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, ‘ज्यांचा जन्मदाखला नाय त्यांचा सुतक कसला पालतात देव जाने.’ त्या दिवशी साडूंनी गोड खाल्लं नाही. त्यांच्या वाटणीची बासुंदी मी खाल्ली, त्यामुळे मानवजातीच्या ऱ्हासाबद्दल माझं मत त्यांच्याइतकं कडवट कधीच झालं नाही.

या अभ्यासामुळे साडूंना भविष्य दिसू लागलं होतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन आवाज चढले की ते उठून म्हणत, ‘आपली दोनशे सत्तराव्या वर्षाची लक्षनं दिसतात,’ आणि खाली बसत. सोनिवलीत नवीन इमारतींची रांग उभी राहिली तेव्हा तिथल्या एका जोडप्याला त्यांनी गृहप्रवेशाच्या दिवशीच, पेढा तोंडात असताना, मोठ्या वस्त्या कशा मोडतात ते उदाहरणांसह सांगितलं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास अढळ होता. फक्त एका गोष्टीनं त्यांना हैराण केलं होतं. व्हॉल्व्हवर काम केलेल्या माणसाच्या काटेकोरपणानं त्यांनी ठिपक्यांना पाणी वाटून दिलं होतं, धान्य वाटून दिलं होतं, पाळ्या लावून दिल्या होत्या. कुणावर काडीचा अन्याय नव्हता. तरी संस्कृती बुडायची ती बुडायचीच. ‘नियमात चूक नाय मास्तर,’ ते म्हणत, ‘मग मरतात कशाला?’

खरं तर त्या कोड्याचं उत्तर त्यांच्या घरातच होतं, पण ते तोंडावर सांगण्याची आमची कुणाची हिंमत नव्हती. साडूंचा थोरला भाऊ, ज्याला ते दादूस म्हणत, तीन मैलांवर गावच्या घरात राही आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विहीर. सामायिक विहिरीवरच्या पंपाला साडूंनी पाळ्या लावून दिल्या आणि स्विचच्या पेटीला कुलूप घातलं. एका उन्हाळ्यात दादूसची पाळी नव्हती ते तीन दिवस असे तापले की त्याचा भेंडीचा मळा उभ्या उभ्या वाळला. किल्ली साडूंच्या खिशात होती. त्यांनी दिली नाही, कारण पाळी नव्हती. ‘भावाला कुलूप लावलास तू,’ एवढं म्हणून दादूस गेला, तो गेलाच. नियमानं साडूंचंच बरोबर होतं आणि हे ते न विचारताही सांगत, यावरूनच काय ते समजावं.

अशात साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या आगरी लोकांत हळदीचं आवतण तोंडानं द्यावं लागतं, घरी जाऊन, आणि मुलीला पहिली हळद घरातला थोरला लावतो. पत्रिका छापून पाठवली, फोन केला, मेसेज टाकला, याला कुणी आवतण म्हणत नाही. दादूस आला नाही तर पोर आयुष्यभर पहिल्या हळदीवाचून सासरी गेली असं होणार, आणि दादूस बोलावल्याशिवाय येणार नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. साडू मात्र खोलीत बसून राज्यं बुडवत होते. एक दिवस ताई चहा घेऊन आत गेली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, ‘तुमच्या या मानसांची लगीनकार्यं होतात कं?’

साडू म्हणाले, ‘नाय. पोरं आपोआप होतात. नवीन ठिपका येतो.’

‘मग रुसलेल्यांना बोलवाला जातात कवा?’

साडूंनी चहा तसाच ठेवला. तो गार झाला. आपल्या माणसांना त्यांनी झालेलं सगळं आठवायला शिकवलं होतं, पण आठवून झाल्यावर परत दारात जायला एक निमित्त लागतं, ते द्यायचं राहून गेलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी नवा नियम घातला. प्रत्येक घरात अधूनमधून कार्य निघेल आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात जावंच लागेल. तो आला तर जुनं सगळं पुसून टाकायचं. आणि काय सांगू, ती संस्कृती तीनशे वर्षं ओलांडून गेली, पाचशे गेली, हजार गेली. साडूंनी मला फोन करून बोलावून घेतलं. सगळा पडदा हिरवागार होता. मी म्हणालो, ‘मग आता तुम्ही जा.’ तर म्हणतात, ‘अजून एकदा चालवून बघतो.’ असं ते आठ दिवस अजून एकदा चालवून बघत होते. शेवटी ताईनं तबकात अक्षता-सुपारी ठेवली, तबक त्यांच्या हातात दिलं आणि मला स्कूटर काढायला सांगितली.

दादूस अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. साडूंनी रस्ताभर भाषण पाठ केलं होतं, ते मला मागच्या सीटवरून ऐकू येत होतं, त्यात नदी होती, कोठारं होती, हजार वर्षं होती. अंगणात उभे राहिल्यावर त्यांतला एकही शब्द त्यांना आठवेना. दादूसच खाली बघत म्हणाला, ‘कुलूप काढलास कं?’

‘त्याच साली काढला,’ साडू म्हणाले. ‘तुना सांगाला कोन नव्हता.’

कोयता थांबला. मग पुन्हा चालू झाला. साडूंनी पोरीचं नाव घेऊन आवतण दिलं आणि तबक ओट्यावर ठेवलं. दादूस म्हणाला, ‘बघू.’ परत येताना मला त्या ‘बघू’त काही राम दिसत नव्हता. साडू मागच्या सीटवरून ठामपणे म्हणाले, ‘येल तो. नियम बरोबर हाय.’ पण घर येईपर्यंत त्यांनी माझा खांदा सोडला नाही.

हळदीला मांडव भरला, बँजो वाजायला लागला, धवले, म्हणजे लग्नगीतं, गाणारी धवलारीण थोरल्याचं नाव घ्यायला थांबली आणि सगळे साडूंकडे बघू लागले. साडू रस्त्याकडे बघत होते. दादूस आला तो अगदी वेळ टळता टळता, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात. पुतणीला हळद लावली, हाताला उरली ती धाकट्या भावाच्या दोन्ही गालांना फासली, आणि म्हणाला, ‘भूक लागलीय, जेवाला वारा.’ साडूंनी स्वतः वाढलं. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर दादूस रोज बदलापूरला यायचा. ठिपके भात कधी लावतात, आवणातली रोपं लावणीसाठी कधी काढतात, यावरून भावाशी कडाकडा भांडायचा आणि जेवून जायचा. असं दीड वर्ष चाललं. गेल्या थंडीत दादूस झोपेतच गेला.

दहावं-बारावं झाल्यावर मी भेटायला गेलो. साडू खोलीत बसले होते. समोरची संस्कृती हिरवी होती, चांगली चालली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तुमचा नियम अखेर खरा ठरला.

‘नियम खरा हाय, मास्तर,’ ते म्हणाले. ‘पन अकरा वर्षं गेली ती गेली. दीडच वर्ष भेटला मना माझा दादूस.’

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. ताईनं चहा आणला. आम्ही दोघांनी तो गरम असतानाच प्यायला.