तिकिटातला निम्मा वाटा
गुडघ्याच्या मलमाचा वास आला की पाच वर्षांपूर्वीचं मिरजगावातलं लक्ष्मीपूजन आठवतं. लॉटरीचं बक्षीस एक कोटीचं, तिकीट थोरल्या भावाचं आणि माझं निम्मं-निम्मं, आणि घरात आम्ही दोघे नि वहिनी. तिकिटाला हळदकुंकू वाहून पाटावर ठेवलं होतं. कर वजा जाता पासष्ट लाखच हातात पडतील, असं मी सांगितलं. "लागायच्या आधीच पस्तीस लाख घालवलेस," दादा म्हणाला आणि उरलेल्यातून त्याने बसल्या बसल्याच चारचाकी घेतली, हायवेला तीन गाळे बांधले. वहिनीला मांडी घालता येत नव्हती, म्हणून ती पूजेलाही खुर्चीवर बसून मलम चोळत होती. "तुला काय घ्यायचं?" दादाने तिला विचारलं. "मला काय न्हाई घ्यायचं. गुडघ्याचं ऑपरेशन तेवढं करा, मंग फिरा चारचाकीत." दादाने समईची वात सारली. मग म्हणाला, "त्याला लॉटरी कशाला पाहिजे?" तिकिटाला काहीच लागलं नाही. आता वहिनी जिना चढून गच्चीवर वाळवण घालते. ऑपरेशनचे एक लाख ऐंशी हजार झाले. तिकिटासारखेच निम्मे त्याने आणि निम्मे मी, नगरच्या डॉक्टरांना दिले.