अरुणावतीच्या काठावर सांबा

नागपूर विमानतळावर लुसिया बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझ्या धाकट्या भावाच्या, संजयच्या, अस्थी होत्या आणि खांद्याला एक गोल पिशवी. संजय सोयाबीन बियाण्याच्या कामासाठी ब्राझीलला गेला, तिथेच त्याने लग्न केलं आणि तिथेच आजारपणात गेला. आम्हा नणंद-भावजयीची ही पहिली भेट. बोलायला दोघींचं मोडकं इंग्रजी.

भाड्याच्या गाडीने आम्ही आमच्या गावी, दिग्रसला, निघालो. यवतमाळ मागे पडलं. दुतर्फा वेचणी झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती. खड्डा आला की पिशवी छनछन वाजे.

"ताई, वहिनीनं झांजा आणल्या काय?" ड्रायव्हर हसला.

दारव्ह्याला आलुबोंडा खाताना लुसियाने पिशवी उघडली. आत पांदेइरो (खंजिरीसारखं सांबाचं वाद्य) होतं. तिच्या वस्तीत सांबाच्या मेळ्यातला कुणी गेला की सोबती सांबा वाजवून त्याला निरोप देतात; संजयही त्या मेळ्यात नाचायचा. 'तुझ्या गावच्या नदीवर मी वाजवीन,' असा शब्द तिने संजयला दिला होता.

मी हातातला आलुबोंडा खाली ठेवला. आमच्याकडे पणतू पाहून गेलेल्या म्हाताऱ्याला वाजतगाजत नेतात. तरण्या माणसामागे वाद्य वाजत नाही. त्यात बातमी आल्यापासून आई रडलेली नव्हती. दिग्रस येईपर्यंत, आणि घरी पोचल्यावरही, मी कुणाला काही बोलले नाही.

सकाळी अरुणावतीवर मामांनी कलश हातात घेतला आणि लुसियाने पांदेइरो काढलं.

"काय करून राह्यली हे?" मामा ओरडले. "तरण्या पोराच्या मागं वाजवते काय कोणी? ठेव म्हणा ते!"

मी तिला सांगितलं. तिने ते खाली ठेवलं नाही. आईकडे बघत राहिली.

"काय म्हणते ते?" आईने मला विचारलं. मी सगळं सांगितलं.

आई लुसियाजवळ गेली. मग म्हणाली, "संजू नाचे? कसा नाचे, दाखव म्हणा."

लुसियाने चपला काढल्या. दोन ठोक्यांत तीन पावलं. पुस्तकांत मी सांबाची पिसं आणि झगमगाट पाहिला होता. इथे साधा सुती कुडता आणि काठचा चिखल. तिचा डावा पाय दरवेळी मागे राहत होता. दुःखाने ताल चुकतोय, असं मला वाटलं.

"ही माझी चूक नाही," माझी नजर पायावर बघून ती म्हणाली. "तो असाच नाचायचा."

मी आईला सांगितलं.

"लहानपणी बोरीच्या झाडावरून पडला होता," आई म्हणाली. "तवापासून तो पाय मागंच राहे." आणि ती चिखलात बसून मोठ्याने रडू लागली.

वाजवणं थांबेपर्यंत मामा कलश धरून उभे राहिले.

लुसियाला परत सोडायला नागपूरला गेले तेव्हा मी विचारलं, त्याचं मागे राहणारं पाऊल कुणी सुधारलं नाही का?

"सुरुवातीला प्रयत्न केला. मग आम्हीच त्याच्यासाठी ठोका लांबवायला शिकलो."

परतीच्या बसमध्ये डोक्यात एवढंच होतं. परमुलखात पोरगा एकटा असेल, या धास्तीत आईने वर्षं काढली. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी तिला सांगायचं, तिकडे त्याच्यासाठी ठोका लांबवत होते.