अर्धवट राहिलेलं अपडेट

डोंगरात, मोलगी गावाच्या वरच्या अंगाला एका निवासी शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. शाळेत कामाचा असा एकच कॉम्प्युटर होता, त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टिम. त्याचा खरा उपयोग एकच व्यक्ती करायची, पहिलीच्या वर्गाच्या बाई. त्या तिथल्याच, घरी पावरी बोलणाऱ्या. पहिलीतल्या पोरांना मराठी कळत नाही म्हणून त्यांनी आपल्या आईकडून पावरी गोष्टी सांगून घेतल्या होत्या, त्या रेकॉर्ड करून त्या कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या. मुख्याध्यापकांना हा उद्योग पोरकट वाटायचा. खरं सांगायचं तर मलाही वाटायचा. मी तापीकाठच्या सधन गावातून आलेला. वर डोंगरात आपण उपकार करायला आलोय, अशी माझी समजूत होती.

एका शनिवारी दुपारी मी अपडेट सुरू केलं. ते संपेना आणि खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती गेली की दुसरी कधी मिळेल याचा नेम नाही. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पळालो.

सोमवारी बाईंनी कॉम्प्युटर लावला तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि पुढे काहीच नाही. मुख्याध्यापक आले, दुरूनच बघितलं आणि म्हणाले, "बाई, काय दाबलंत?"

"काही नाही सर. नुसतं चालू केलं."

"नुसतं चालू करून असं होतं का? झेपत नाही तर हात कशाला लावायचा?"

मी तिथेच होतो, चार पावलांवर. खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

दोन दिवसांनी खालून एक तज्ज्ञ आले. खिशाला दोन पेनं, गळ्यात पेन ड्राइव्हची माळ. खुर्चीवर बसायच्या आधी चहा मागितला. पडद्यावर काय लिहिलंय ते त्यांनी एकदाही वाचलं नाही. पंखा पुसला, वायर हलवली, पेटीवर दोन थापा मारल्या, जसं म्हशीच्या पाठीवर मारतात. मग निकाल दिला, "सर, हाई लिनक्स काय कामनं नही शे. फॉर्मॅट मारनं पडी."

"मग आतलं सगळं जाईल," बाई म्हणाल्या.

"काय शे मधमा?"

"गोष्टी. माझ्या आईच्या आवाजातल्या."

ते मुख्याध्यापकांकडे बघून हसले. मुख्याध्यापकही हसले. "आई आहे ना अजून? परत सांगेल."

"सांगेल सर. पण तशीच नाही सांगणार."

मला त्या माणसाची किळस आली. वीस वर्षं हेच करत आलोय म्हणाला, आणि वीस वर्षांत एवढंच शिकला होता की जे कळत नाही ते पुसून टाकायचं. नशिबाने फॉर्मॅटची पेन ड्राइव्ह तो घरी विसरला होता. उद्या येतो म्हणून गेला.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला वही दाखवली. पडद्यावरची एकूण एक ओळ त्यांनी पेन्सिलीने उतरवून घेतली होती. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. जशी अक्षरं दिसली तशी, चित्रं काढल्यासारखी उतरवली होती. "सर, हे काय म्हणतंय बघा ना."

वही घेऊन मी टेकाडावर गेलो, तिथेच काय ती रेंज यायची. त्या ओळी फोनवर टाकल्या. उत्तर पहिल्याच पानावर होतं. नवी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अर्धीच बसली होती. अपडेट चालू असताना कुणीतरी वीज तोडली होती. जुनी कर्नल आत शाबूत होती, सुरू होताना ती निवडायची, एवढंच.

परत येऊन कॉम्प्युटर चालू करताना शिफ्टची कळ दाबून धरली. यादी आली, त्यातली जुनी ओळ निवडली. कॉम्प्युटर सुरू झाला. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची आज्ञा एका ओळीत लिहिली, पुन्हा चालू करून पाहिलं, सगळं ठीक. बाईंनी एक फाइल उघडली. खरखरत्या आवाजात त्यांची आई कुणाला तरी दरडावत होती, बहुतेक गोष्टीतल्या वाघाला.

तेव्हा मी सांगून टाकलं, "बाई, बटण मी बंद केलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी या खोलीची किल्ली तुमच्याकडेच होती."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिथे उभे होता ना."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शिक्षकांसमोर मी मुख्याध्यापकांना सांगितलं. रात्रभर वाक्यांची जुळवाजुळव केली होती. त्यांनी ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अहो, जीप सुटत असेल तर माणूस काय करणार! आणि दुरुस्तही तुम्हीच केलंत." सगळे हसले. माझं नाव लागताच ती चूकच राहिली नव्हती. बाईंची त्यांनी माफी मागितली नाही, आणि मागा असं मीही म्हणालो नाही. त्या हसण्यात मीही थोडा हसलो, हे मला आजही आठवतं. बाई तेवढ्यात उठून वर्गावर गेल्या होत्या.