भरल्या गाडीचा वास

करणी, भूतबाधा, अंगात येणं — मी सगळ्याला हसते. आमच्या फोपनार गावात कोणाच्या अंगात आलं तर मी आधी विचारते, सकाळपासून काही खाल्लंस का? तरी हे लिहायला बसले, कारण जे झालं ते माझ्याच नाकाला झालं.

पाच वर्षांपूर्वी मोठा ताप आला, तेव्हापासून मला वास येणंच बंद झालं. फोडणी करपली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता काही येणार नाही. मी म्हटलं, बरं झालं, गोठा झाडायला सोपं.

माझा मुलगा दिलीप छोट्या पेट्रोल पिकअपमधून केळी बुऱ्हाणपूरला नेतो. यंदा त्या गाडीत स्टिअरिंगसमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागायला लागला. सलीमभाई मेकॅनिकने मशीन लावलं — टाकीतली पेट्रोलची वाफ कुठूनतरी बाहेर जातेय म्हणाला. टाकीचं झाकण बदललं, दिवा गेला. चार दिवसांनी परत! मग नळ्यांत धूर सोडून पाहिलं. जिथून धूर निघेल तिथे भोक... पण कुठूनच निघाला नाही. दिवाच खोटा बोलतोय, चालवा बिनधास्त, असं त्याने सांगितलं.

त्या दिवशी सकाळी नऊला गाडी दारात भरून उभी होती. मी ओट्यावर मेथी निवडत होते. दिलीप आत बसला, रोजच्यासारखी अगरबत्ती लावायला काडेपेटी काढली — आणि माझ्या नाकात पेट्रोल! डोळ्यांत पाणी येईल इतकं. मी मेथी फेकून धावले, त्याच्या हातावर फटका मारून काडेपेटी पाडली.

"आई, तुले हिंगाचा वास येत नाही. पेट्रोलचा कुठून आला?"

"ते मले नको विचारू. खाली उतर."

त्याने हुंगलं, सुनेने हुंगलं. त्यांना फक्त ताज्या घडांचा वास. व्यापारी थांबणार नाही म्हणून तो चिडला. मी चावी काढून पदराला बांधली आणि गाडीभोवती हुंगत फिरले. केबिनच्या मागे, डाव्या अंगाला खाली वास सगळ्यांत जास्त. तिथे हात ठेवला आणि सलीमभाईला बोलवायला लावलं.

तो हसतच आला. "अम्मा, मशीन घरी ठेवतो, आता तुम्हालाच गॅरेजात नेतो."

मी म्हटलं, माल उतरवू नको, असाच धूर सोड. आजवर गाडी त्याच्याकडे रिकामीच गेली होती. तोडलेली केळी घेऊन गॅरेजात कोण बसतं? धूर सोडला... आणि माझ्या हाताखालूनच निघाला! नळीला चीर होती. रिकाम्या गाडीत मिटायची, वजन पडलं की उघडायची, आणि वाफ सरळ केबिनमध्ये. सलीमभाईचं हसू गेलं. खाली पडलेल्या काडेपेटीकडे पाहत राहिला. दिलीपने ती उचलून माझ्या हातात दिली.

मी मात्र आनंदाने स्वयंपाकघरात पळाले — नाक परत आलं! हिंगाची डबी उघडली. काही नाही. लसूण चेचला. काही नाही. सलीमभाईने पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा नाकाशी धरला... तोही नुसता ओला लागला.

मग त्या सकाळी काय झालं? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. नळी बदलली, दिवा पुन्हा लागला नाही. अगरबत्ती आता देव्हाऱ्यात लागते. पण गाडी भरली की दिलीप मला हात धरून केबिनपाशी नेतो. मी हुंगते, वास येत नाही म्हणते, आणि तो निघून जातो. गळती नाही म्हणून येत नाही, की मला येतच नाही म्हणून — हे तो विचारत नाही, मीही सांगत नाही.