खेळातला गोठा

आई गेल्यावर अण्णांना मी आमच्या केम गावाहून सोलापुरात आणलं. सात रस्त्यामागच्या माझ्या फ्लॅटमध्ये त्यांना वेगळी खोली दिली, पलंग टाकला, खिडकीला कूलर बसवला. आणि मग हळूहळू लक्षात आलं, की माझ्या वडिलांनी स्वतःची पसंती सांगायचंच सोडून दिलंय. भाजी कुठली करू? "कायबी चालंल." चहा आत्ता देऊ की नंतर? "कवाबी." आयुष्यभर आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा हा माणूस. आईचं तर नावही काढत नव्हते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. मला डॉक्टरांचाच राग आला. उत्तम तब्येतीचा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसतो का? मला भीती वाटत होती, की अण्णा आईच्या मागोमाग निघालेत आणि जाता जाता आपली एकेक आवड खाली ठेवत चाललेत.

आता माझ्याबद्दल एक सांगून टाकते. मी व्हिडिओ गेम खेळते. चाळिशीला टेकलेली बाई, ऑफिसात फायली बघते आणि घरी येऊन गेम खेळते. ऑफिसात हे कळलं तेव्हा जो तो मला समजवायला लागला, "मॅडम, लहान पोरांचं असतंय की ते." असू दे लहान पोरांचं. माझ्या गेममध्ये एक अख्खा प्रदेश आहे, त्यात शेकडो अद्भुत प्राणी आहेत. ते शोधायचे, पकडायचे आणि लढतीला त्यातले सहाच सोबत न्यायचे. बाकीचे बॉक्समध्ये राहतात. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी दगडाचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली पाहिजे. हे सहा निवडण्यावर मी जेवढा विचार केलाय, तेवढा हा फ्लॅट घेतानाही केला नव्हता.

एका रविवारी दुपारी उन्हाने जीव नकोसा झाला, म्हणून मी अण्णांच्या खोलीत कूलरसमोर गेम घेऊन बसले. नवीन संघ बांधायचा होता. माझी स्वतःशीच पुटपुट चालली होती, हा घेऊ की तो घेऊ. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "न्हाय."

मी दचकलेच. अण्णा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते.

"त्यो नगं. पाय बग की त्येचे."

किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून 'न्हाय' ऐकलं! मी उठून त्यांचा चष्मा आणून दिला. पुढचा प्राणी काळ्या शिंगांचा मेंढा होता, नाकपुड्यांतून धूर सोडणारा. अण्णा म्हणाले, "चालवून दाव."

या गेममध्ये पहिला प्राणी तुमच्या मागे मागे चालतो. मी त्याला नदीकाठापर्यंत नेऊन परत आणलं. अण्णा मान वाकडी करून त्याची चाल बघत राहिले आणि मला एकदम जनावरांचा बाजार आठवला. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची. तिथे ते बैल चालवून बघायचे, पुढून, मागून, बाजूने. उकिडवे बसून त्याच्या खुरांकडे बघत राहायचे आणि विकणारा कितीही बडबडला तरी त्याला हूं की चूं करायचे नाहीत. तीच नजर आज माझ्या हातातल्या वीतभर स्क्रीनवर लागली होती.

"ह्यो बरा हाय," ते म्हणाले. "दुसरा कुटाय?"

"कसला दुसरा?"

"ह्येच्या जोडीचा."

मी समजावून सांगितलं, की सहा वेगवेगळे घ्यायचे असतात. ते म्हणाले, "सा म्हंजी तीन जोड्या की." मी म्हटलं, दोन्ही आगीचे घेतले तर पाण्याचा एकच प्राणी येऊन दोघांना विझवेल. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "येकटं जनावर औताला कसं जुपायचं?"

"अहो अण्णा, औत नाही, लढाई आहे."

"मंग तर जोडीदार पायजेच की."

झालं. आमचा संघ तीन जोड्यांचा ठरला. दोन मेंढे, दोन दगडी कासवं आणि हिरव्या आयाळीची दोन शिंगरं. दुसरा मेंढा शोधताना त्यांनी माझा पुरता पिट्ट्या पाडला. मी एकामागून एक मेंढे पकडायची आणि अण्णा ते नापसंत करायचे. एकाचा खांदा जुळत नव्हता, एकाची चाल ढिली होती, एक म्हणे नजरेनेच द्वाड होता. मला तर सगळे एकाच साच्यातले दिसत होते, आणि बहुतेक ते होतेही. पण अण्णा एवढं रोखून बघत, की थोड्या वेळाने मलाही त्यांच्यात फरक दिसायला लागला. उरलेले प्राणी राहायचे त्या बॉक्सला ते गोठा म्हणत.

अर्थात हरायचो आम्ही. तळ्याकाठच्या आखाड्यात तर दर रविवारी सपाटून मार खाल्ला. मी चिडून गेम गादीवर आपटायची. अण्णा शांत असायचे. "पडली तर दोगंबी संगं पडली," एवढंच म्हणायचे. केम सोडताना त्यांनी शेवटची बैलजोडी विकली, तेव्हाही घेणाऱ्याला एकच अट घातली होती, जोडी फोडायची नाही.

पण खेळ संपला की पुन्हा तेच. भाजी? "कायबी चालंल." रविवारच्या त्या तासाभरात परत आलेला माणूस जेवणाच्या ताटापर्यंत काही टिकत नव्हता. याचं मला फार वाईट वाटायचं.

मग आम्ही डोंगरावर पोचलो. गेममधला सगळ्यात उंच डोंगर, वर बर्फ पडत होता. "कापूस उडतोय व्हय?" अण्णांनी विचारलं. मी बर्फ म्हटल्यावर ते स्क्रीनला अगदी नाक लावून बघायला लागले. बाहेर सोलापूरचं ऊन रटरटत होतं. शिखरावर धुकं बाजूला झालं आणि समोर तो उभा होता. पांढराशुभ्र, हरणासारखा पण हरणाहून किती तरी मोठा, शिंगांच्या फांद्याफांद्यांतून उजेड झिरपत होता. संगीतही थांबलं. मी इतकी वर्षं खेळतेय, पण असं काही समोर आलं की आजही माझा श्वास अडकतो. त्या दिवशी शेजारी अण्णांचाही अडकला होता. "आरं बाबौ," ते कुजबुजले आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

तो सहजासहजी हाती लागला नाही. तीनही जोड्यांमधले प्राणी एकेक करून गारद होत गेले, शेवटच्या शिंगराने कसाबसा तग धरला आणि शेवटी पकडला एकदाचा. मी लहान मुलीसारखी ओरडले. अण्णा मात्र अजून स्क्रीनवर इकडेतिकडे शोधत होते.

"ह्येची जोडी कुटाय?"

"नाही अण्णा. अख्ख्या खेळात हा एकच असतो."

मला वाटलं, आता म्हणतील, टाक गोठ्यात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "येकट्याचं भागतंय व्हय त्येचं?"

ते कुणाबद्दल विचारतायत, हे मला कळलं. त्याची ताकद, त्याचे डाव, सगळं मला पाठ होतं, पण त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना. "भागतं," मी म्हटलं. "जड जातं, पण भागतं."

"चालवून दाव."

मी त्याला बर्फातून चालवलं. तो सावकाश, मान उंच ठेवून चालत होता, मागे पावलं उमटत होती. अण्णांनी दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला एवढा वेळ बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"घे त्येला," ते म्हणाले. "म्होरं ठिव."

"मग एकाला काढावं लागेल. जोडी फुटेल."

"येकाला कशापायी? दोन्ही मेंढं गोठ्यात ठिव. संगं."

"मग पाचच होतील. सहावी जागा?"

"ऱ्हाऊ दे मोकळी."

मी तसंच केलं. माझ्या इतक्या वर्षांच्या खेळात सहातली एक जागा मुद्दाम रिकामी ठेवून मी कधी निघाले नव्हते. आम्ही तसेच डोंगर उतरलो, संघात पुढे तो एकटा आणि मागे आमच्या दोन जोड्या.

संध्याकाळी फ्रीजमधून वांगी काढता काढता मी सवयीने विचारलं, "अण्णा, वांगी करू ना?"

"न्हाय," खोलीतून आवाज आला. "वांगं नगं. तुज्या हातचं लई गुळचट हुतंय. तुज्या आईवानी येत न्हाय तुला. शेंगाची चटणी कर, झणझणीत, अन् भाकरी."

एरवी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्याची मी खैर करत नाही. त्या दिवशी ओट्याला धरून मी पोटभर रडले, आवाज बाहेर जाऊ न देता. मग वांगी परत फ्रीजमध्ये ठेवली आणि शेंगदाणे भाजायला घेतले.