भंगारात काढलेली खुर्ची

भोरला आमच्या आळीत दर रविवारी हातगाडी घेऊन एक भंगारवाले काका यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. वस्तू हातात आली, की ते आधी ती उलटीसुलटी करून पाहत. एकदा मी आईची जुनी खुर्ची काढून दिली. तिच्या नायलॉनच्या पट्ट्या तुटल्या होत्या.

"लाकूड शाबूत हाय," म्हणत ते पायरीवर बसले आणि गाडीतल्याच मोडक्या खाटेची पट्टी काढून खुर्ची विणू लागले.

"काका, असं केलंत तर तुम्हाला भंगार मिळायचं कसं?" मी हसून विचारलं.

"भंगार लई मिळतं, ताई. पर आजी मगापासनं दारातनं खुर्चीकडंच बघत्यात."

मी वळून पाहिलं. आई दारात उभी होती. खुर्ची काढताना मी तिला विचारलंच नव्हतं.